उंदीर पडू लागले तेव्हा

आमच्या निपाणी-बेळगावकडच्या जुन्या घरांत 'उंदीर पडले' हे दोन शब्द एके काळी कोणत्या स्वरात उच्चारले जात, याची कल्पना आजच्या वाचकास येणे कठीण आहे. आढ्यावरचा एखादा उंदीर दिवसाढवळ्या झिंगत खाली यावा, माणसांस न भिता सोप्यात दोन गिरक्या घ्याव्या आणि तेथेच मरून पडावा. एवढे दिसले की घरचा कर्ता पुरुष कोणाच्या हुकमाची वाट पाहत नसे. तो शेजाऱ्यास हाक मारून सांगे, दाराला कुलूप घाली, भांडीकुंडी व धान्याची पोती गाडीत भरी आणि बायकामुलांसह गावाबाहेरच्या माळावर झोपडी घालून राही. आमच्या आजीने आपल्या सासूच्या तोंडून ऐकलेल्या या हकीगती आम्ही लहानपणी पुष्कळ वेळा ऐकल्या. त्यांत आम्हांस त्या वेळी मौज वाटे ती झोपडीत राहण्याची. त्या हकीगतींतला कायद्याचा मुद्दा लक्षात यावयास मात्र वकिलीची बरीच वर्षे आणि एक फसलेले परिपत्रक खर्ची पडावे लागले.

उंदीर पडताच गाव सोडण्याची ही शहाणीव लोकांस सरकारने शिकविली नव्हती. मुंबईत प्लेग प्रथम ओळखला गेला तो १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीच्या दाट वस्तीत; आणि तो ओळखणारे डॉक्टर होते बारदेशातील हडफडे गावचे सुपुत्र अकासियो गाब्रिएल व्हिएगस. त्यांचे निदान प्रथम पुष्कळांस पटले नाही. शहाण्यासुरत्या माणसांसही वाईट बातमीपेक्षा बातमी आणणाराच अधिक वाईट वाटतो, हा अनुभव नवा नव्हे. पुढे इतर तज्ज्ञांनी तपासणी करून व्हिएगसांचेच म्हणणे खरे ठरविले. त्यांनी वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठी चालविलेली खटपट मुंबई विसरली नाही. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. गोव्याकडील वाचकांनी मुंबईस गेल्यावर तेथे क्षणभर थांबावे.

सरकारची पहिली हालचाल निराळ्या दिशेची होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पैकी चौथे कलम, सद्बुद्धीने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, असे सांगण्यात खर्ची पडले आहे. त्या कायद्याच्या आधारे पुण्यात जे घडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचा जो शेवट गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांच्या गाडीत झाला, तो इतिहास मराठी वाचकास पाठ आहे. आम्हांस येथे हवी आहे ती त्याची कमी बोलली जाणारी बाजू. घरात रोगी सापडला की रोगी इस्पितळात, घरचे लोक छावणीत आणि सामानसुमान आगीत, असा क्रम एकदा लोकांनी पाहिला. त्यानंतर लोक एकच गोष्ट शिकले. ती म्हणजे रोगी दडविणे. माळ्यावर, कोठीत, पोत्यांच्या आड आजारी माणसे लपविली गेली. ज्या कायद्याचा हेतू रोग लवकर कळावा हा होता, त्यानेच रोग उशिरा कळण्याची व्यवस्था केली.

आणि गंमत अशी की, एवढा बंदोबस्त चालविणाऱ्यांस रोग पसरतो कसा हेच ठाऊक नव्हते. भिंतींवर औषधी पाण्याचे फवारे मारले जात होते. त्यांनी पुष्कळदा एवढेच होई की या घरातील उंदीर त्या घरात जात. प्लेगग्रस्त उंदराच्या अंगावरील पिसू रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली प्रयोगाने दाखविले. तेही विद्वानांनी कित्येक वर्षे मनावर घेतले नाही. पिसूचा शोध न लागताच खेड्यातल्या माणसाने जे ताडले होते ते असे, की माणसापूर्वी उंदीर मरतो, आणि मधल्या काही दिवसांत जो उठून बाहेर पडतो तो वाचतो. बेळगाव-धारवाडकडे प्लेगाने पुढील काही वर्षे थैमान घातले, पण याच काळात सरकारी धोरणही सैल पडले. सक्तीच्या झडत्या मागे पडल्या; स्वखुशीने गाव सोडणे, उंदीर मारणे आणि लस टोचून घेणे यांवर भर आला. हाफकिनसाहेबांनी १८९७ च्या जानेवारीत स्वतःवर टोचून पाहिलेली ती लस १८९८ मध्ये आमच्या शेजारच्या हुबळीत हजारो लोकांनी घेतली.

वकिलाने ही जुनी दप्तरे आज का सोडावीत, असे वाचक विचारतील. त्याचे कारण सांगावयाचे तर आम्हांस आमची एक चूक सांगावी लागेल.

निपाणीच्या आसपास एक लहानशी पतसंस्था आहे. तिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. तिच्या संचालकांनी काही वर्षांपूर्वी आमच्याकडून एक परिपत्रक लिहून घेतले. कचेरीत नवे संगणक आले होते, आणि त्यांत व्हायरस शिरून घोटाळे होतात असे संचालकांच्या कानांवर आले होते. पाच कलमांचा तो मसुदा आम्ही मोठ्या हौसेने लिहिला. त्यातील चौथे कलम असे होते की, ज्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे संगणकात विषाणू शिरेल, त्याच्याकडून दुरुस्तीचा सर्व खर्च वेतनातून वसूल करण्यात येईल. निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीची कपात कायद्यास मान्य आहे. नोकरास आपले म्हणणे मांडण्याची संधी मात्र दिली पाहिजे. तीही तरतूद आम्ही त्यात घातली होती. मसुदा निर्दोष होता. सर्वांच्या सह्या झाल्या.

पुढे एका शुक्रवारी दुपारी तेथील एका कारकुनाने ईमेलने आलेले एक बिल उघडले. ते बिल नव्हते. पडद्यावर प्रथम काहीच दिसले नाही. नंतर यंत्राचा पंखा जोराने फिरू लागला आणि फायलींची नावे एकामागून एक बदलू लागली. कारकुनाने ते पाहिले. त्याने पडदा बंद केला आणि तो घरी गेला. सोमवारी सकाळी तिन्ही संगणकांवरील ठेवींची व कर्जांची खाती कुलूपबंद झाली होती, आणि कुलपाची किल्ली हवी असल्यास अमुक इतके पैसे द्या, अशी इंग्रजी चिठ्ठी पडद्यावर होती. ज्यास रॅन्समवेअर म्हणतात तो हा प्रकार. संचालक मंडळ आमच्याकडे आले ते कारकुनास काढून टाकण्याची नोटीस लिहून घेण्यासाठी.

त्या नोटिशीकडे आम्ही पुढे वळू. तत्पूर्वी हा शत्रू आमच्या भागात आला कसा, हे सांगितले पाहिजे. कारण आमचे परिपत्रक लिहिताना आम्हांस त्याची कुळकथा मुळीच ठाऊक नव्हती.

संगणकाचा व्हायरस म्हणजे दुसऱ्या कामाच्या आज्ञावलीस चिकटून राहणारी आणि ती चालू झाली की स्वतःच्या प्रती काढणारी एक लहानशी आज्ञावली. नावाप्रमाणेच त्यास यजमान लागतो. आपल्या उपखंडातून जगभर गेलेला पहिला प्रसिद्ध व्हायरस १९८६ सालचा. 'ब्रेन' नावाचा हा व्हायरस लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, आणि त्यात स्वतःचे नाव, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक घालण्याचा भोळेपणाही केला. तो फ्लॉपीच्या पहिल्याच पानावर, म्हणजे यंत्र चालू होताना प्रथम वाचले जाते त्या जागी, मुक्काम करी. चार वर्षांनी, १९९० साली, भारतात एक व्हायरस सापडला त्याचे नाव चक्क 'जोशी'. दरवर्षी ५ जानेवारीस तो यंत्र अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करण्याचा आग्रह करी. तेवढे सौजन्य दाखविले की यंत्र पुन्हा चालू. यंत्र बंद न करता तीन कळा दाबून पुन्हा सुरू केले तर तो हलत नसे; विजेचे बटन बंद करून स्वच्छ फ्लॉपीने यंत्र सुरू करावे लागे. या जोश्यांचा जन्मदाता कोण, याचा शोध लावण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. आमच्या परिचयातील सर्व जोशी सभ्य आहेत.

फ्लॉपीचे ते दिवस आमच्या पिढीस आठवतात. नव्वदीच्या दशकात बेळगाव, निपाणी, कोल्हापूर येथील छापखान्यांत खिळे जाऊन संगणक आले. लग्नपत्रिका, जाहिराती, दिवाळी अंकांची पाने, सारे फ्लॉपीवर चढू लागले. निपाणीत जुळविलेले पान कोल्हापुरास जावयाचे तर फ्लॉपी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या स्वाधीन करीत. मराठी अक्षरांचे टंक विकत घेण्याची ऐपत थोड्यांची. बाकीचे एकमेकांच्या फ्लॉपीवरून उतरवून घेत. त्या टंकांबरोबर व्हायरस फुकट मिळे. उंदरास एका वखारीतून दुसऱ्या वखारीत जावयास तंबाखूचे बोद लागत. येथे ते काम उसन्या फ्लॉपीने केले. परंतु त्या काळच्या छापखान्यातील पोरांस एक चांगली खोड होती. कोणाचे यंत्र बिघडले की तो आरडाओरड करी, 'माझ्याकडे व्हायरस आलाय, माझी फ्लॉपी घेऊ नका!' त्यात त्यास लाज वाटत नसे. लाज वाटावी असे कोणी त्यास अद्याप शिकविले नव्हते.

या रोगावरचे मराठी औषधही याच दशकात निघाले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शिक्षण शालान्त परीक्षेशी थांबले. त्यांनी पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करण्याचा धंदा केला. धाकटे बंधू संजय यांस त्यांनी संगणकशास्त्र शिकविले. दुरुस्तीस येणाऱ्या पुष्कळ यंत्रांत बिघाड नसून व्हायरस असतो, हे दोघा भावांच्या ध्यानी आले. संजय काटकरांनी त्यावर उतारे लिहिले आणि १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आले. २०१६ मध्ये त्या कंपनीचे भाग शेअर बाजारात दाखल झाले. दुरुस्तीच्या बाकावर जन्मलेल्या या उद्योगाचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु औषधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. अशी संरक्षक आज्ञावली प्रामुख्याने ओळखीच्या गुन्हेगारांच्या खुणांची यादी बाळगून असते. वागणुकीवरून संशय घेण्याची कलाही तिला आता साधली आहे. तथापि कालच जन्मलेला आणि आज दारात उभा असलेला चोर तिला दरवेळी ओळखता येईलच असे नाही. प्लेगाच्या लशीचीही तीच गोष्ट होती. क्वचित औषधच अपाय करते. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्या १९ जणांस धनुर्वात होऊन ते दगावले, आणि निर्दोष हाफकिनसाहेबांस पाच वर्षे कलंक सोसावा लागला. १९ जुलै २०२४ रोजी एका अमेरिकन संरक्षक कंपनीच्या सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी बंद पाडले, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवासपत्रे हाताने लिहून देण्याची पाळी आली. म्हणून कोणी लस सोडू नये. सर्व भार तिच्यावर टाकू नये, इतकेच.

आता कायदा. ४ मे २००० रोजी 'तुझ्यावर माझे प्रेम आहे' अशा अर्थाचे इंग्रजी ईमेल जगभरच्या कचेऱ्यांत येऊन थडकले. सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल होती. ती उघडणाऱ्यांत पोक्त अधिकारी किती होते याची मोजदाद झालेली नाही, ही त्यांच्या घरच्यांवर कृपाच म्हणावयाची. उघडताच ती फाइल त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांस तेच प्रेमपत्र पाठवी. माग फिलिपीन्समधील मनिला शहरात लागला. परंतु अशा कृत्यास शिक्षा देणारा कायदाच त्या देशात नसल्याने खटला उभा राहू शकला नाही. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा योगायोगाने त्याच वर्षीचा. १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलात आला. त्याच्या ४३ व्या कलमात संगणक विषाणूची व्याख्या आहे, आणि ६६ व्या कलमाखाली तो लबाडीने सोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्याख्या आम्ही पुष्कळदा वाचली होती; पण तिच्यातील एक बारकावा आमच्या नजरेतून निसटला होता. जो दुसऱ्या साधनास चिकटतो आणि एखादी आज्ञावली चालविली गेली किंवा अन्य काही घटना घडली म्हणजे कार्य करू लागतो, तो विषाणू. असा तिचा एक भाग आहे. ही आज्ञावली चालवितो कोण? पुष्कळदा तुमच्याआमच्यासारखा खुर्चीवर बसलेला माणूसच. विषाणू दाराशी येऊन थांबतो. कडी आतून काढली जाते.

यावर जाणकार एक रास्त आक्षेप घेतील. कृमी, म्हणजे ज्यास इंग्रजीत वर्म म्हणतात, त्यास कडी काढणारा हात लागत नाही. तो जाळ्यातून स्वतःच सरपटत येतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या कृमीने एका रात्रीत हजारो यंत्रे जाम केली, आणि तेथील न्यायालयाने १९९० मध्ये त्यास तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची व दंडाची शिक्षा दिली. मग सामान्य माणसाच्या जागरूकतेचा येथे उपयोग काय? उपयोग आहे, पण तो आधीच्या दिवसांतला आहे. त्याच मॉरिसच्या कृमीचा एक मार्ग सोपे परवलीचे शब्द ओळखून आत शिरण्याचा होता. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' कृमी जगभर पसरला. तो ज्या भगदाडातून शिरला ते बुजविण्याची सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती. मधले जवळजवळ दोन महिने म्हणजे उंदीर पडल्यापासून माणूस पडेपर्यंतचे दिवस. ज्यांनी 'नंतर आठवण करा' या बटनावर बोट ठेवून ते घालविले, ते माळावर गेलेच नाहीत. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमध्ये सुटलेल्या त्या कृमीने आमच्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले, कारण ते चालविणारी मर्स्क कंपनी त्याच जाळ्यात होती. मालमोटारींच्या रांगा लागल्या. त्यांतील चालकांनी युक्रेनचे नावही ऐकले नसेल.

सीमा या प्रकरणात किती निरुपयोगी ठरतात, हे आम्हां निपाणीकरांस कोणी सांगावयास नको. आमचे देवचंद महाविद्यालय ज्या अर्जुननगरात आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आणि त्यास लागून असलेले निपाणी कर्नाटकात. मुले चहा प्यावयास दुसऱ्या राज्यात जातात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक आज्ञावली घुसवून एकंदर ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. ११ ऑगस्टच्या त्या एका दिवशी बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे निघत होते, आणि त्यांतले काही आमच्या शेजारच्या कोल्हापुरातील एटीएममधूनही निघाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरविले. पण ते येथे कार्डे घेऊन फिरणारे हस्तक. लुटीची आखणी करणारे सूत्रधार त्यांत नव्हते. शिक्षेच्या भयावर विसंबून राहणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. आज तोच खेळ लहान खिशांशी चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते, किंवा वाहनाच्या दंडाची पावती येते. नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरे असतात. पत्रिका म्हणून ती उघडून बसविणारा माणूस वस्तुतः आपल्या मोबाइलमध्ये परक्याची आज्ञावली बसवीत असतो, आणि ती त्याच्या बँकेचे संदेश वाचू लागते. चित्राच्या किंवा कागदाच्या फाइलीस ही अक्षरे कधी नसतात. आमच्या आईस आम्ही एवढेच शिकविले आणि तिने ते आपल्या भजनी मंडळास शिकविले.

त्या कारकुनास आम्ही आमच्या कचेरीत बोलाविले होते. नोटीस देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, हे आमच्याच मसुद्यातील तरतुदीस धरून होते. तो आला तो खिशात परिपत्रकाची प्रत घडी घालून. आम्ही विचारले, शुक्रवारी दिसले तर शुक्रवारीच का सांगितले नाहीस? तो म्हणाला, 'पगार कापतील म्हनून गप बसलो, साहेब. शनवारी दोनदा दाराशी येऊन उभा राहिलो. किल्ली माझ्याकडं न्हाई. कुणाला सांगायचं धाडस झालं न्हाई.' त्याने ती प्रत टेबलावर ठेवली. चौथ्या कलमाखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती.

माणसास आपली वाक्ये दुसऱ्याच्या हातात पाहण्याचा प्रसंग क्वचित येतो. शुक्रवारी दुपारी दोन वाजता त्याने नुसती ओरड केली असती, आणि कोणी भिंतीतील वायर उपटली असती, तर एक यंत्र गेले असते; उरलेली दोन वाचली असती. ठेवींची खाती त्या उरलेल्या दोहोंवर होती. त्यास गप्प बसविले ते भामट्याने नव्हे, आमच्या चौथ्या कलमाने. रँडसाहेबांविषयी महाविद्यालयातील वक्तृत्वस्पर्धेत आम्ही पूर्वी जे काही बोललो होतो, ते सर्व आम्हांस त्या वेळी आठवले. आजीच्या सासूच्या हकीगतीतील मुद्दाही त्याच दिवशी कळला. उंदीर कोणाच्या घरात प्रथम पडला, याचा दंड त्या घरास होत नसे. म्हणून ते घर पहिली हाक मारी.

योगायोगाने आमच्या देशाचा कायदाही याच वळणावर आला आहे. 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून असले हल्ले हाताळते. तिने एप्रिल २०२२ मध्ये असा निर्देश काढला की, संस्थांनी अशी घटना ध्यानी आल्यापासून सहा तासांच्या आत कळविली पाहिजे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर फोन करावयाचा, तोही जितक्या लवकर तितका बरा. या दोन्ही व्यवस्था वेळेवर उभ्या आहेत. परंतु सहा तासांतील पहिला तास ज्याच्या हाती असतो तो कचेरीतील सर्वांत कनिष्ठ माणूस, आणि त्याची जीभ आम्ही परिपत्रके काढून बांधून ठेवतो.

संस्था तरली ती एका निवृत्त लेखनिकामुळे. या गृहस्थांचा संगणकावर कधीच विश्वास बसला नव्हता. निवृत्तीनंतरही ते दर पंधरवड्यास शनिवारी येत, सर्व खात्यांची प्रत एका सुट्या हार्ड डिस्कवर घेत आणि ती स्टीलच्या डब्यात घालून घरी नेत. त्यांची थट्टा होई. तो डबा उघडला तेव्हा त्यातील खाती नऊ दिवसांमागची निघाली. मधल्या नऊ दिवसांचे व्यवहार पिग्मी एजंटांच्या पावत्यांवरून आणि रोजकिर्दीवरून पुन्हा लिहून काढले. अकरा दिवस व रात्री सर्व कर्मचारी त्यास लागले होते, आणि तो कारकूनही त्यांत होता. खंडणीचा एक पैसाही दिला नाही. प्रत यंत्रापासून तोडून दुसरीकडे ठेवावी, हे आज सारे तज्ज्ञ सांगतात. त्या गृहस्थांस ते कोणी सांगितले नव्हते. चोपडी दुकानात आणि नक्कल घरात, ही निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांची जुनी रीत त्यांनी चालविली होती.

नोटीस आम्ही लिहिली नाही. त्याऐवजी चौथे कलम रद्द करण्याचा ठराव लिहून दिला. संचालकांत त्यावर बरीच खडाजंगी झाली. अशाने नोकर शेफारतील, असे एकाचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. जाणूनबुजून किंवा वारंवार बेफिकिरी करणाऱ्यास मोकळे सोडा, असे आमचे म्हणणे नव्हते. ज्याने स्वतः होऊन सांगितले त्यास त्या सांगण्याबद्दल शिक्षा नाही, एवढेच नवे कलम. ते अखेर संमत झाले. त्याखेरीज प्रत्येक संगणकाच्या कडेस मराठीत व कानडीत एक चिठ्ठी चिकटविली आहे: 'संशय आला की प्रथम वायर काढा. मग हाक मारा. मग फोन करा. सुटीचा दिवस असला तरी.' हिच्यात कायद्याची भाषा नाही. कारकुनानेच ती लिहिली आहे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही काही कामास त्या कचेरीत बसलो होतो. एक तरुण पिग्मी एजंट दारातूनच ओरडत आला, 'माझ्या मोबाइलवर लग्नपत्रिका आलीया, नंबर अनोळखी हाय, कुणी उघडू नका!' व्यवस्थापकांसह सारी कचेरी त्याच्या भोवती जमली. कारकुनाने मोबाइल हातात घेतला, इंटरनेट बंद केले, नावाच्या शेवटची अक्षरे तपासली आणि पत्रिकेवरील वरपित्यास दुसऱ्या फोनवरून विचारले. पत्रिका खरी होती. वरपित्याने नवा क्रमांक घेतला होता. एवढ्या जणांनी आपली पत्रिका आस्थेने वाचलेली ऐकून त्या गृहस्थास फार आनंद झाला आणि त्याने फोनवरच सर्व कचेरीस आमंत्रण दिले. लग्न अर्जुननगरात होते. आम्हीही गेलो होतो. जेवण उत्तम होते.